मडमाईची पाठ

पुलगावला गिरणी आहे, स्टेशन आहे, गिरणीचा भोंगा आहे. पण पुलगाव कालचं. नाचणगाव त्याच्या कितीतरी आधीचं. गिरणी आली तेव्हा तिच्या भोंग्यावर उठणारी माणसं आमच्याच गावानं दिली. पुढे त्यांत कवडू आला. साच्यावर कापड विणायचा. आणि कवडूची आई होती जिजाबाई, जिची ही गोष्ट आहे.

जिजाबाई बुटकी, सावळी आणि बोलायला तिखट. उमर लोकांच्या वावरात कापूस वेचण्यात गेली. वेचणीत तिचा हात असा चालायचा की बोंडाला आपण कधी रिकामे झालो ते कळत नसे. तिच्या घराच्या भिंतीत मातीचा कोनाडा होता आणि कोनाड्यात देव होते. खंडोबा, मरीमाय आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे टाक. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्त; रोज चिंच-राखेनं घासायची, धुवायची, कुंकू लावायचं आणि जागेवर ठेवायची. तसे टाक घरोघर होते. पण जिजाबाईच्या कोनाड्यात मधोमध जो टाक होता, तो कोणाच्या घरी नव्हता.

तो गोल होता, जाड होता, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा. त्यावर एका बाईचं तोंड, एका अंगाला वळलेलं. आपले देव भक्ताकडे पाहतात. ही कोणाकडेच पाहत नव्हती. नाकात नथ नाही, गळ्यात पोत नाही. केसांत मात्र धान्याची कणसं खोवलेली आणि खांद्याशी विळ्याचं टोक. गावच्या बायका तिला मडमाई म्हणायच्या.

या नावाचं कारण जिजाबाईचा नवरा चिंधू. पहिल्या जर्मन लढाईत तो खेचरं हाकायला पलटणीबरोबर फ्रान्सात गेला. परत आला तेव्हा लहानगा कवडू त्याला पाहून आईच्या मागे लपला. चिंधूनं कमरेच्या फडक्यातून ती चांदीची चकती काढली आणि बायकोच्या हातात दिली. म्हणाला, ‘‘हे सांभाळजो.’’ तिनं विचारलं, काय आहे? तो म्हणाला, ‘‘सांगतो निवांत.’’ पण निवांतपणा काही आला नाही. त्याच साली तो तापानं गेला.

आता जिजाबाईनं काय करावं? चांदीवर तोंड उठवलेली वस्तू तिनं जन्मात एकच पाहिली होती, ती म्हणजे टाक. म्हणून ती पुलगावच्या सोनाराकडे गेली. त्यानं चकतीच्या पाठीला लाख भरली, वर तांब्याचा पत्रा बसवला, उभी राहावी म्हणून पत्र्याला खाली दांडी जोडली, आणि फ्रान्सातली बाई नाचणगावच्या कोनाड्यात उभी राहिली.

बायका थट्टा करायच्या. शेजारची कोकिळा म्हणायची, ‘‘काय वं जिजाबाई, मडमाईले निवद काय दाखवतं? पोळी का चहा-बिस्कुट?’’

‘‘तुह्या घरचं काही नाई दाखवत. तिले पचत नाई.’’

पण लेकराच्या अंगावर कांजण्या उठल्या की हीच कोकिळा संध्याकाळी नारळ घेऊन दारात उभी. मडमाई गोरी असली तरी हाकेला धावते, असं गावात झालं होतं.

अशी वर्षं गेली. मग छप्पन्न सालचा दसरा आला.

कवडू नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, जुने देव पुजणार नाही ही प्रतिज्ञा करून. गावातला सगळा समाज गेला होता. आल्यावर बैठक बसली आणि ठरलं की घरातले देव आता घरात राहणार नाहीत. ठरलेल्या सकाळी घरोघरच्या टोपल्या निघाल्या. वर्धा नदीचं पाणी शांत होतं. कोणी रडलं नाही, कोणी हसलंही नाही. टोपली पाण्यात पालथी झाली की एक बुडुक असा आवाज व्हायचा आणि माणूस खांदे सरळ करून काठावर यायचा.

जिजाबाईनं आपली टोपली आपल्या हातानं पालथी केली. खंडोबा गेला, मरीमाय गेली. पण तिची डावी मूठ मिटलेलीच होती.

‘‘माय, मूठ उघड,’’ कवडू म्हणाला.

‘‘हे देव नाई. हे तुह्या बापाची आहे.’’

‘‘देव नाई, त मंग इतके वर्ष कुंकू काऊन लावलं?’’

‘‘मले काय मालूम होतं? तुह्या बापानं सांगतलं असतं, त नसतं लावलं.’’

कवडूनं तिच्या मुठीकडे पाहिलं. बाप त्याला आठवत नव्हता. फोटो नव्हता, टोपी नव्हती, काठी नव्हती. बापानं हातात धरलेली एवढी एकच वस्तू जगात उरली होती, आणि ती आईच्या मुठीत होती. पण नागपूरला लाखो माणसांत उभं राहून उच्चारलेला शब्दही त्याचाच होता.

समाजाचे म्हातारे नानाजी काठावर उभे होते. कमी बोलायचे. त्यांनी मायलेकाचं ऐकलं आणि म्हणाले, ‘‘कवडू, खात्री करून घे. देव असन त नदी. माणूस असन त भिंत. बापाची निशाणी म्हणून भिंतीवर लाव, कोणी बोट दाखवणार नाई. पण मधलं काही नाई.’’

देव की माणूस? एवढाच प्रश्न होता. पण तो विचारायचा कोणाला?

कवडूनं तो टाक कुंकू धुऊन फडक्यात बांधला आणि आढ्याला टांगून ठेवला. ना कोनाड्यात, ना नदीत. चालढकल चालली होती. मग डिसेंबर आला आणि दिल्लीहून बाबासाहेब गेल्याची बातमी आली. गिरणीतले साचे ऐकू येईनासे झाले, असं कवडू पुढे सांगायचा. चूल न पेटलेल्या घरात बसून त्यानं आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘माय, आता शब्द मोडला त माफी कोणाले मागायची? हे पक्कं करूनच टाकू.’’

जिजाबाई उठली आणि तिनं स्वतः गाठोडं खाली काढलं.

पहिल्यांदा दोघं सोनाराकडे गेले. टाक करणारा म्हातारा कधीच गेला होता. दुकानावर त्याचा मुलगा रामाजी बसायचा. त्यानं चकती हातात घेतली, पाठ पाहिली आणि हसला.

‘‘हा पत्रा माझ्या बाबाचा. कडा कशी वळवली आहे पाहा. पण पुढचा ठसा आपल्याकडचा नाही, बाई. हे हातानं ठोकलेलं काम नाही. हे यंत्राचं आहे आणि कलावंताचंही आहे. असं दोन्ही कसं असेल ते मला सांगता येत नाही.’’

‘‘मंग कोणाले येते?’’ जिजाबाईनं विचारलं.

‘‘वर्ध्याला मनोहरराव वकील आहेत. त्यांचं एक मंडळ आहे. रविवारी चार डोकी जमतात आणि असल्या चकत्या पाहत बसतात.’’

‘‘पाहून काय करते?’’

‘‘पुन्हा पाहतात,’’ रामाजी म्हणाला.

जिजाबाईला हे फार नवलाचं वाटलं. नाण्यानं बाजार करता येतो, टाकाची पूजा करता येते. पण नुसतं पाहत बसायला जमणारी माणसं असतात, हे तिला माहीत नव्हतं. पॅसेंजरमध्ये बसल्यावर ती कवडूला म्हणाली, ‘‘असे लोक एकदा पाह्यलेच पाह्यजे.’’

मनोहररावांचं घर कचेरीच्या मागच्या गल्लीत होतं. बैठकीत गादीवर काळी घोंगडी अंथरलेली आणि तिच्याभोवती मंडळी बसलेली. मनोहरराव उंच, वाकलेले, चष्म्यावरून पाहणारे. त्यांच्या शेजारी कापसाचे व्यापारी मोतीलाल, गोल चेहऱ्याचे आणि गुलहौशी. आणखी दोघं-तिघं होते. मायलेक दारात थबकले. पायरीवर बसावं की आत यावं, हे असल्या घरांत आधी ठरलेलं असायचं.

मनोहरराव म्हणाले, ‘‘या, या. गादीवर या. घोंगडीपासून लांब बसलं तर दिसायचं नाही.’’

कवडूनं आपलं काम सांगितलं. मग मनोहररावांनी मंडळाची रीत सांगितली. वस्तू घोंगडीवरच पाहायची, पडली तरी कडा मोडू नये म्हणून. काठावर धरायची. एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची. आणि फेरी पुरी होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. पहिला बोलला की बाकीचे त्याच्या डोळ्यांनी पाहतात.

‘‘द्या,’’ म्हणून त्यांनी हात पुढे केला. कवडूनं चकती त्यांच्या तळहातावर ठेवली. ती फिरू लागली. कवडूच्या हातातून वकिलाच्या हातात, वकिलाच्या हातातून व्यापाऱ्याच्या, तिथून पुढे, आणि फिरत फिरत जिजाबाईच्या हातात परत. जिजाबाई चकती पाहत नव्हती, ती हात पाहत होती. मनोहररावांच्या पत्नी गोपिकाबाई चहा घेऊन आल्या. सगळे कप एकसारखे होते. जिजाबाईनं तेही पाहून घेतलं आणि मग घोट घेतला.

‘‘हं, आता बोला,’’ मनोहरराव म्हणाले.

मोतीलाल फुटलेच. ‘‘अहो, हिचं नाक कुठं गेलं?’’

‘‘मी घासलं,’’ जिजाबाई म्हणाली. ‘‘रोज.’’

‘‘रोज? चिंच लावून?’’

‘‘अन् राख.’’

मोतीलालनं कपाळावर हात मारला. ‘‘अरे रामा! आम्ही असल्या पदकाला बोट लागू देत नाही, अन् या बाईनं मेडल भांड्यासारखं घासलं!’’

‘‘भांड्यासारखं नाई, देवासारखं,’’ जिजाबाई म्हणाली. ‘‘भांडं इतकं कोण घासते?’’

मंडळी हसली, मोतीलालही हसले. मग मनोहररावांनी एक पेटी उघडली आणि कापसाच्या घड्यांतून एकेक पदक काढून घोंगडीवर ठेवलं. त्यांचा आवाज हळू झाला. माणूस आपल्या लेकरांविषयी बोलतो तसा.

‘‘हे नाणं नव्हे, जिजाबाई. यानं काही विकत मिळत नाही. पाचशे वर्षांमागं इटली देशात एका चित्रकाराला वाटलं, माणसाचं तोंड धातूत ओतावं, हातात मावेल असं. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला त्या माणसाच्या मनातली गोष्ट. राजेलोक एकमेकांना पाठवू लागले. पुढं फ्रान्सात या कलेला फार चांगले दिवस आले. शिल्पकार आधी परातीएवढं मोठं उठावाचं चित्र करतो. मग एका यंत्राची बोथट सुई त्या चित्रावरून चाचपत फिरते, आणि दुसऱ्या टोकाची सुई तेच चित्र लहान करत पोलादात कोरते. त्या ठशानं पदक पाडायचं.’’

‘‘म्हणजे यंत्राचं अन् कलावंताचंही,’’ कवडू पुटपुटला. रामाजीचं कोडं सुटलं होतं.

‘‘बरोबर. आणि आमच्यासारखी वेडी माणसं तिथंही होती. ती वर्गणी काढायची, कलावंताकडून पदक करून घ्यायची आणि आपसांत वाटून घ्यायची. कशासाठी? तर हातात धरायला. चित्र भिंतीवर असतं, मूर्ती चौथऱ्यावर. पदकाची जागा तळहात.’’

जिजाबाईनं एक पदक काठावर धरून उचललं. त्यावर एक म्हातारा होता, दाढीचा केस न् केस दिसत होता. तिनं दुसरं उचललं, तिसरं उचललं. आपण कशाला आलो हे ती विसरली. कवडू मात्र विसरला नव्हता.

‘‘वकीलसाहेब, आमचं सांगा. हे बाई कोण? देव का माणूस?’’

मनोहररावांनी चष्मा काढून पुसला. ‘‘केसांत गव्हाच्या ओंब्या, खांद्याशी विळा. ही सेरेस. जुन्या रोमन लोकांची धान्याची देवी.’’

जिजाबाईनं हातातलं पदक घोंगडीवर ठेवलं.

‘‘देवी,’’ कवडू म्हणाला.

‘‘पण ऐका. तिला हजार वर्षांहून अधिक काळ कोणी पुजलेलं नाही. तिकडं ती नुसती शोभेला घालतात, शेतीची खूण म्हणून. आणि तुमच्या प्रतिज्ञेत आपल्याकडच्या देवांची गोष्ट आहे. सेरेस त्यात कुठं येते? वकील म्हणून सांगतो, तुम्ही मोकळे आहात.’’

‘‘पळवाट नोको मले, साहेब,’’ कवडू शांतपणे म्हणाला. ‘‘कोणी पुजलं नाई म्हणता, माह्या मायनं पुजलं न. इतके वर्ष.’’

मोतीलाल पुढे सरकले. ‘‘मग नदीत कशाला टाकता? माझ्याजवळ द्या. माझी हवी ती दोन पदकं घेऊन जा. देवी माझ्या घरी राहील, तुमचा शब्दही राहील.’’

‘‘अन् तुमच्या पेटीत कापसात झोपून ते काय करन?’’ जिजाबाई म्हणाली. ‘‘कापूस मीच वेचला असन तो.’’

ती उठायला लागली. तिच्या लेखी निकाल लागला होता. नदी.

मनोहररावांनी हात वर केला. ‘‘थांबा. चूक माझी झाली. मंडळाची आणखी एक रीत आहे, ती मीच मोडली. पदकाला दोन बाजू असतात. एका बाजूवर निकाल देत नाहीत. हिची पाठ कोणी पाहिली आहे?’’

कोणी पाहिली नव्हती. चिंधूनं चकती दिली त्या दिवशी जिजाबाईनं ती उलटून पाहिली असेल, पण तिला आठवत होतं ते फक्त चिंधूचं तोंड. मग लाख भरली गेली आणि पाठ बंद झाली.

पाठ उघडायची म्हणताच मनोहररावांना राहवेना. कोर्टाची सुट्टी पाहून ते स्वतः पुलगावला आले. मोतीलालही आले, काम आहे म्हणाले; काम काहीच नव्हतं. रामाजीच्या दुकानात सगळे दाटीनं बसले. नानाजींनाही कवडूनं बोलावून आणलं होतं.

रामाजीनं शेगडी फुलवली. ‘‘बाबानं बंद केलेलं आहे. उघडू का, जिजाबाई?’’

‘‘मीच बंद करवलं,’’ ती म्हणाली. ‘‘उघडा.’’

ऊब लागली तशी लाख मऊ झाली. रामाजीनं चिमट्यानं पत्र्याची कड उचलली; पत्रा दांडीसकट सुटला. आतली काळी लाख त्यानं हलक्या हातानं खरवडली, गरम पाण्यात चकती बुडवली, फडक्यानं टिपली आणि उलटी करून तळहातावर ठेवली.

समोरची बाजू घासून घासून गेलेली. आणि ही पाठ, जशी कालच पाडलेली! चिंच नाही, राख नाही, अंगठा नाही. कडेनं गव्हाच्या ओंब्या आणि द्राक्षाच्या वेली, एकेका पानाची शीर वेगळी. वर बारीक फिरंगी अक्षरं. मोतीलालनं श्वास रोखला. मनोहरराव खाली वाकले आणि अक्षरांवरून बोट न लावता नजर फिरवू लागले.

‘‘शेतकी प्रदर्शन… बक्षीस. शेतकऱ्याला द्यायचं बक्षिसाचं पदक आहे हे.’’

‘‘अन् हे मधली जागा?’’ जिजाबाईनं विचारलं. ओंब्यांच्या मधोमध एक गोल होता, गुळगुळीत, रिकामा.

‘‘ती नावाची जागा. पदकं आधी पुष्कळ पाडून ठेवतात. ज्याला मिळालं त्याचं नाव मग मधे कोरतात.’’

‘‘याच्यात काऊन नाई कोरलं?’’

‘‘कोणाला दिलंच गेलं नसेल. लढाई सुरू झाली असेल, प्रदर्शन झालं नसेल. चिंधूजींच्या हाती ते कसं आलं, कोणी दिलं, सापडलं की विकत घेतलं, हे आता कोणी सांगू शकत नाही. मीही नाही.’’

जिजाबाई त्या रिकाम्या गोलाकडे पाहत राहिली. नानाजी पुढे झाले. त्यांनी चकती मागून घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली.

‘‘देवाच्या पाठीवर माणसाचं नाव घालाले जागा कोणी ठेवते काय?’’ ते म्हणाले. मग पुढची बाजू वर करून त्यांनी डोळे बारीक केले. ‘‘अन् देवी म्हणता, त हिचं तोंड कुठी आहे? जिजाबाई, तुनं घासून घासून देवी सारी पुसून टाकली वं. आमच्या आधीच.’’

दुकानात पहिल्यांदा सगळे मोकळं हसले. जिजाबाईनं पदराआडून डोळे टिपले आणि रामाजीपुढे चकती धरली.

‘‘ज्यानं आणलं त्याले मिळालं. कोरा. चिंधू.’’

मनोहररावांच्या तोंडचा रंग गेला. जुन्या पदकावर नवी रेघ काढायची नाही, ही त्यांच्या मंडळाची सगळ्यांत मोठी रीत. ते काही बोलणार, तेवढ्यात मोतीलालनं त्यांची बाही ओढली. मनोहररावांनी एकदा त्या निर्मळ, न शिवलेल्या चांदीकडे पाहिलं, जसं कोणी कापणीआधी उभ्या पिकाकडे पाहतं.

‘‘संग्राहक म्हणून मी नको म्हणालो असतो,’’ ते म्हणाले. ‘‘पण जागा नावासाठीच आहे. ज्यानं ठसा केला तोही हेच म्हणाला असता. कोरा, रामाजी.’’ आणि छिन्नीचा पहिला ठोका पडला तेव्हा ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

पदक नदीत गेलं नाही. कवडूनं भिंतीला खिळा ठोकला, त्यावरही ते गेलं नाही. कोनाड्यात आता पुस्तकं होती. जिजाबाईनं पदक आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवलं, पान-सुपारीशेजारी. नानाजींनी एकदा विचारलं, ‘‘भिंत ठरली होती न?’’ ती म्हणाली, ‘‘वकीलसाहेबानं सांगतलं, याची जागा तळहात आहे. भिंतीवरचं मले काय दिसते?’’ मधलं काही नाही म्हणणाऱ्या नानाजींनी मान डोलावली.

संध्याकाळी, कवडूच्या पाळीचा भोंगा वाजायच्या आधी, ती ओट्यावर बसायची. कुंकू नाही, फूल नाही, हात जोडणं नाही. पदक हातात घ्यायची, नावाची बाजू वर, आणि अंगठा त्या अक्षरांवरून फिरत राहायचा. तिला वाचता येत नव्हतं. पण डोळे मिटूनही ‘चि’ कुठे आहे ते तिच्या अंगठ्याला कळायचं.

मोतीलाल कधीमधी पुलगावला आले की नाचणगावला चक्कर मारायचे आणि तिचा तो अंगठा पाहून कळवळायचे. ‘‘बाई, ही बाजू तरी घासू नका. नुसत्या अंगठ्यानंही जाईल हो!’’

त्यांनी तेच रामाजीला जाऊन सांगितलं. रामाजी हातातलं काम न थांबवता म्हणाला, ‘‘नाही जायचं, शेठजी. बायकांच्या अंगठीवर नाव घालतो त्याच्या दुप्पट खोल कोरलंय. मी म्हातारीचा अंगठा पाहूनच छिन्नी धरली होती.’’